मदत हवी आहे : विहिरीच्या पाणीपातळीचा रेषालेख कसा काढावा?

नमस्कार. आमच्या गावातल्या सार्वजनिक विहिरीची पाणीपातळी मी जून 2022 पासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला टेप सोडून मोजतो. ग्रामसभेत दाखवण्यासाठी मी एक्सेलमध्ये तिचा रेषालेख काढला; परंतु मोजणी काठापासून पाण्यापर्यंतच्या खोलीची असल्यामुळे मे महिन्यात, पाणी तळाला गेलेले असताना, रेषा मात्र वर चढते आणि पाहणाऱ्याला पाणी वाढल्यासारखे वाटते. उभा अक्ष उलटा केला की शून्य, म्हणजे विहिरीचा काठ, वर येतो आणि चित्र खरे दिसते, पण मग महिन्यांची नावेही वर जातात. ती खाली कशी आणावीत?

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. आजारपणामुळे 2023 च्या जुलै आणि ऑगस्टची मोजणी राहिली. कोऱ्या सेल शून्य धरल्या तर विहीर काठोकाठ भरल्याचे दिसते, आणि बिंदू सरळ जोडले तर न मोजलेली पातळी मोजल्यासारखी दिसते. तिथे रेषा तोडावी, की तुटक रेषेने जोडणे चालेल? पावसाचे मिलिमीटर त्याच आलेखात स्तंभांनी दाखवावेत की खाली स्वतंत्र, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.