दरी, डोंगर, धबधबा: डोळ्यांना भारी दिसलं, फोटोत सगळं सपाट!

वाटचुक्या:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या. मागच्या आठवड्यात तीन दिवसांची भटकंती करून आलो, एका अरुंद घळीतून चालत जायचं, पुढे धबधबा आणि त्याच्या पलीकडे मोठी डोंगररांग. बरोबर जुना डीएसएलआर, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची लेन्स (१८ ला रुंद दृश्य, ५५ ला झूम) आणि फोन, बाकी काही नाही. सगळीकडे वाचलेलं की गोल्डन अवर (सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेडाचा तासभर) सोडू नका म्हणून झोपमोड करून सकाळी ६ ला घळीत पोचलो, तिथे नुसता करडा अंधार. मग निवांत चालत साडेअकराला धबधब्यापाशी, तिथे पाणी म्हणजे भगभगीत पांढरा डाग आणि बाजूचे खडक काळे ठिक्कर. दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजता डोंगर, समोर उभं राहून छाती दडपली होती आणि फोटोत तो मुंगीच्या वारुळाएवढा दिसतोय. साडेचारशे फोटो आणलेत आणि घरच्यांना दाखवावेत असे चारही नाहीत. कॅमेरा बदलू का? की माझंच काहीतरी चुकतंय? खरं काय ते सांगा, रागावणार नाही.

ट्रायपॉडवाली:
कॅमेऱ्याला काही झालेलं नाही हो, तुमचं वेळापत्रक बरोबर उलटं झालंय :) गोल्डन अवर हा काही सगळ्या जागांना चालणारा मंत्र नाही. डोंगराला सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं, कारण तेव्हाच प्रत्येक सोंडेची सावली शेजारच्या खळग्यात पडते आणि उंचसखलपणा दिसतो. धबधब्याला ऊनच नको, ढगाळ दिवस किंवा कड्याची सावली पाहिजे. आणि अरुंद घळीला भर दुपार! तुम्ही तिन्हीकडे नेमके चुकीच्या वेळी हजर.

घळीचं सविस्तर सांगते कारण ते कुणी सांगत नाही. खोल आणि चिंचोळ्या घळीत ऊन थेट तळापर्यंत येतच नाही, वरच्या कडेला पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर उडतं, तिथून परत अलीकडे, असं टप्पे खात खात खाली उतरतं. दगड तांबूस असेल तर प्रत्येक टप्प्यात उजेड अजून तांबूस होतो, म्हणून खालची भिंत आतून दिवा लावल्यासारखी दिसते. हे होण्यासाठी सूर्य बराच वर हवा, सकाळी ६ ला तो कडेच्या पलीकडेच असतो, मग करडा अंधार नाहीतर काय मिळणार. अमेरिकेतल्या अँटेलोप कॅनियनचे ते केशरी-जांभळे फोटो पाहिले असतील, तिथे वरून खाली येणारे उजेडाचे झोत उन्हाळ्यात दुपारच्या सुमारासच दिसतात.

तिथे दोन गोष्टी पाळायच्या. एक, फ्रेममध्ये आकाशाचा तुकडा अजिबात घ्यायचा नाही, तो एवढा उजळ असतो की तो सांभाळायला गेलात तर भिंती काळ्या होतात आणि भिंती सांभाळल्या तर वर पांढरं भोक पडतं. दुसरं, व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, कॅमेऱ्याला वाटतं हा केशरीपणा म्हणजे दोष आहे आणि तो मन लावून पुसून टाकतो, डेलाइटवर ठेवा. आणि वाळूच्या घळीत लेन्स बदलायची नाही, वरून सतत बारीक वाळू गळत असते, ती सेन्सरवर गेली की संपलं.

जुना रोल:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. डोंगर छोटा का दिसतो ते मी सांगतो, फिल्मच्या काळापासून हा प्रश्न ऐकतोय.

तुम्ही १८ वर लेन्स ठेवून ‘सगळं मावलं पाहिजे’ म्हणून फोटो काढलात, बरोबर? सगळं मावतं, पण पायाजवळचा दगड डोंगराएवढा होतो आणि डोंगर दगडाएवढा. आता हिशोब बघा. समजा तुमच्यापासून १० मीटरवर एक झोपडी आहे आणि डोंगर ५ किलोमीटरवर. तुम्ही मागे सरकत झोपडीपासून ३० मीटरवर गेलात तर झोपडी एक तृतीयांश होईल, पण डोंगराला त्या २० मीटरचा पत्ताही लागणार नाही. आता १८ वरून ५५ वर झूम करा, म्हणजे साधारण तिप्पट. झोपडी परत पहिल्याएवढी झाली आणि डोंगर तिच्यामागे तिप्पट मोठा उभा! ही करामत लेन्सची नाही, तुम्ही कुठे उभे राहिलात त्याची आहे, लेन्स फक्त कात्री चालवते. तुमच्याच त्या साध्या लेन्सने हे होतं, नवीन काही घेऊ नका.

आणि झोपडी नसेल तर माणूस, झाड, मेंढ्यांचा कळप, काहीतरी ओळखीच्या मापाचं असू द्या. डोंगराला स्वतःचं माप नसतं, हाताएवढा दगड आणि दोन हजार मीटरचा सुळका, जवळून काढले तर सारखेच दिसतात.

सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यानंतर काही मिनिटं शिखरांवर गुलाबी झाक येते ती बघा कधी. बहुतेक लोक सूर्य बुडाला की ट्रायपॉड गुंडाळतात आणि नेमकं तेव्हाच ते सुरू होतं. मी स्वतः कितीतरी वेळा पाठ फिरवून चालायला लागलोय आणि मग मागे वळून कपाळाला हात लावलाय.

शंकासूर:
धबधब्याचं पाणी दुधासारखं करायची फॅशन मला अजिबात पटत नाही, हे आधीच सांगतो. सगळे धबधबे एकसारखे दिसतात, कापसाच्या पेळूसारखे. पाण्याला जोर असतो राव, तो दिसू दे की. १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा, थेंब न् थेंब हवेत गोठतो.

ट्रायपॉडवाली:
@शंकासूर, तुमचं म्हणणं मोठ्या धो धो प्रपातासाठी मान्य, तिथे खरंच वेगवान शटर शोभतं. पण पायऱ्यापायऱ्यांनी झिरपणारं पातळ पाणी १/५०० ने काढलं तर नुसते पांढरे ठिपके विखुरल्यासारखे दिसतात. दुधाचा कंटाळा मलाही आहे, पण तो ५-१० सेकंद शटर उघडं ठेवल्याने येतो. १/४ ते १ सेकंद यात कुठेतरी थांबलात तर पाण्याच्या धारा वेगळ्या दिसतात, पीळ दिसतो, आणि हालचालही कळते. पाणी जितकं वेगात तितका वेळ कमी.

@वाटचुक्या, तुमच्या पांढऱ्या डागाचं कारण म्हणजे कॅमेऱ्याने काळ्या ओल्या खडकांकडे बघून उजेड ठरवला आणि पाणी जळलं. जळलेल्या पांढऱ्यातून नंतर काहीही परत येत नाही, काळ्यातून बरंच येतं. म्हणून एक्सपोजर २/३ ते १ स्टॉप खाली ओढा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, उजवा काठ चिकटलेला नको, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. सावलीत आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८ ला (हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) समजा शटर १/३० सेकंद येतंय. ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावला की तेच २ सेकंद होतं, ३ स्टॉपचा लावला की १/४. म्हणजे सावलीत तुम्हाला ३ चाच पुरे. फिल्टर नाही म्हणून एफ/२२ वर जाऊ नका, त्या बारीक छिद्रातून उजेड पसरतो आणि सगळा फोटोच मऊ पडतो, एफ/११ च्या पुढे मी शक्यतो जात नाही.

आणि एकच फिल्टर घ्यायचा असेल तर पोलरायझर घ्या. ओल्या दगडांवरची आणि पानांवरची चमक तो काढतो, मग खालचं शेवाळ असं हिरवंगार दिसतं की बस. वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो तो फायदाच. सॉफ्टवेअरमध्ये नंतर हे करता येत नाही, कारण चमकेखालचा रंग फोटोत आलेलाच नसतो.

धुकं आणि मी:
पोलरायझरबद्दल एक पुरवणी. धबधब्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य असेल तर फिल्टर हळूहळू फिरवून बघा, एका कोनात ते अजून उठून दिसतं आणि दुसऱ्या कोनात चक्क गायब होतं, मी पहिल्यांदा घाबरलेच होते. ते शोधायचं कसं, तर सूर्य पाठीशी घ्यायचा आणि आपल्या डोक्याची सावली जिथे पडते तिथून ४२ अंशांवर बघायचं. अमेरिकेतल्या योसेमिटीच्या धबधब्यावर वसंतात पौर्णिमेच्या आसपास चांदण्यातही असं धनुष्य दिसतं, ते काढायला लोक रात्री ट्रायपॉड लावून रांगेत उभे असतात.

ट्रायपॉड नसेल तर फोनवाल्यांसाठी जुगाड: कठड्याला टेकून १/१५ चे १६ फोटो लागोपाठ काढा आणि नंतर एकावर एक ठेवून सरासरी घ्या, साधारण एका सेकंदाचा परिणाम येतो आणि नॉइजही (फोटोतला दाणेदारपणा) कमी होतो. थोडी खटपट आहे पण मजा येते.

जुना रोल:
फिल्टरवरून आठवलं. अमेरिकन छायाचित्रकार अँसल अॅडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचा कृष्णधवल फोटो काढला तेव्हा त्याच्याकडे काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिली पिवळ्या फिल्टरने काढली आणि त्याच्या लक्षात आलं की आकाश फिकट येणार, कड्याचा दरारा काही येणार नाही. मग शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला, आकाश जवळजवळ काळं झालं आणि तो कडा अंगावर आला. दोन प्लेट! आणि आपण साडेचारशे काढून येतो. (टोमणा नाही हो, मीही हल्ली तेच करतो.)

शंकासूर:
दुधाच्या बाबतीत अर्धी माघार घेतो, १/४ करून बघेन. पण घळीत दुपारी जा म्हणताय तर एक गोष्ट कुणीच बोललं नाही. आकाश निळं आहे म्हणून बेसावध राहू नका. १२ ऑगस्ट १९९७ ला याच वर सांगितलेल्या अँटेलोप कॅनियनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, पाऊस पडला होता कित्येक मैल वर, पाणी आलं ते या घळीतून. अशा जागी भिंती सरळसोट असतात, चढायला जागाच नसते. म्हणून हवामान बघायचं ते डोक्यावरचं नाही, वरच्या बाजूला जिथून पाणी येतं त्या सगळ्या भागाचं. आत असताना पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत यायला लागला किंवा लांबून घरघर ऐकू आली तर ट्रायपॉड गेला खड्ड्यात, तसाच सोडून उंचावर पळायचं. धबधब्याच्या माथ्यावर तर फोटोसाठी कडेला जाऊच नका, शेवाळावर बूट कसला टिकतो.

वाटचुक्या:
बापरे, एवढं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. हवामानाचं मी खरंच फक्त मुक्कामाच्या जागेचं बघितलं होतं, वाचून काटा आला. कॅमेरा बदलणं रद्द, पोलरायझर आणि एक बरा ट्रायपॉड घेतो. एक बारकी शंका राहिली, धबधब्याजवळ लेन्सवर सारखे तुषार उडत होते आणि मी टीशर्टने पुसत होतो, त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत धुरकट पट्टे आहेत, ते त्यामुळेच का?

धुकं आणि मी:
टीशर्टनेच! घामाचं तेल पसरवलंत काचेवर. तीन-चार मायक्रोफायबर फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवायची, एक भिजलं की दुसरं. फ्रेम आधी ठरवून ठेवायची, लेन्स झाकून थांबायचं, वारा पलटला की झाकण काढून पटकन फोटो. आणि तिथून उबदार खोलीत किंवा गाडीत जाताना कॅमेरा आधी पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. थंडीत जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

वाटचुक्या:
कळलं. आता एक गंमत सांगतो, ट्रायपॉडवाली ताईंचं वाचून परत सगळे फोटो चाळले. परतीच्या वाटेवर त्याच घळीतून दुपारी एकच्या सुमाराला आलो होतो, कॅमेरा बॅगेत होता, मित्र बुटाची नाडी बांधत होता म्हणून फोनने सहज एक काढला. त्याच्या मागची भिंत पेटल्यासारखी दिसतेय, आणि आकाश फ्रेममध्ये नाही. हलला असेल म्हणून तो मी डिलीटच करणार होतो.

ट्रायपॉडवाली:
टाका की मग इथे, वाट कसली बघताय!