मदत हवी आहे: बदकांसाठी परसात छोटं तळं

नमस्कार मंडळी. आम्ही कुडाळजवळ राहतो. घरी चार खाकी कॅम्पबेल बदकं आहेत. सध्या घमेल्यात मान बुडवून पाठीवर पाणी उडवत बसतात, आणि तासाभरात त्या पाण्याचा चिखल होतो. बिचाऱ्यांना नीट पोहता यावं म्हणून ८ बाय ६ फुटांचं, दोन फूट खोल तळं करायचंय. जमीन जांभ्याची, पाणी लगेच झिरपतं. शेततळ्यात अंथरतात तो ५०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद टिकेल, की चिरे लावून सिमेंटचा गिलावा करावा? बाहेर यायला उतार किती ठेवू? तळातून पाइप काढून घाण पाणी माडा-केळींना सोडणार आहे, खत वाया जाऊ द्यायचं नाही. पण पिसांनी पाइप तुंबतो का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा, फोटो असतील तर फारच बरं. काम पावसाआधी उरकायचंय.