हलका ट्रे, पण वजन कुठे?

फोर्डची फाल्कन एक्सआर६ टर्बो यूट म्हणजे पुढे कारसारखी केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली ऑस्ट्रेलियन गाडी. तिचा मूळ हौदा काढून ॲल्युमिनियमचा ट्रे, म्हणजे मालासाठी सपाट उघडा तळ, लावला तर गाडी जास्त पळेल का, असं एकाने विचारलंय. पळेल, पण मागची चाकं रस्ता धरतील तेव्हा ना! तिच्या एफजी मॉडेलच्या ४ लिटर इंजिनाचा ५३३ न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) २००० आरपीएमलाच हजर होतो. रिकाम्या यूटचं बूड मुळात हलकं, त्यात मागे ओझ्यासाठी बनवलेले स्प्रिंगचे पाटे. ओल्या गोल चौकात दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जड पडला की शेपूट बाहेर. माझं झालंय तसं, शेजारी बायको बसलेली असताना. पुढचं विचारू नका.

म्हणून स्टीलचा लावा असंही नाही. जीव्हीएम, म्हणजे मालासकट गाडीचं कमाल वजन, ठरलेला असतो, ट्रेचं वजन वाढलं तेवढा माल कमी. माझ्या मते ट्रे किती किलोचा यापेक्षा त्याचं ओझं कुठे पडतं ते बघा. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे लोंबणारा लांब ट्रे, त्यात टोकाला हत्यारांची पेटी ठेवली, की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. पेटी केबिनला चिकटवून बसवा. आणि ट्रे लावल्यावर वजनकाट्यावर पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घ्या.