खो-खोचा वर्ल्डकप कामून खोटा?

धाराशिवचा_खो: परवा एकानं पोस्ट टाकली, "2025 च्या 2 नोव्हेंबरला क्रिकेटच्या पोरींनी जिंकला तो खरा वर्ल्डकप. खो-खोत कोरियाला 175-18 नं हरवलं, त्यात काय मोठं? समोर कुणी होतं का?" तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून सविस्तर लिहितो. दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं त्या रात्री मी बी फटाके उडवले. दीप्ती शर्माच्या पाच विकेट बघून अंगावर काटा आला. पण त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत पोरींचा खो-खो वर्ल्डकप झाला, आपली प्रियंका इंगळे कप्तान, मूळची बीड जिल्ह्यातली, टीममध्ये धाराशिवची अश्विनी शिंदे, फायनलला नेपाळला 78-40 नं हरवलं, आणि आपल्या चौकात एक लवंगी फुटली नाही. समोर कुणी नव्हतं म्हणता? 1973 ला बायकांचा पहिला क्रिकेट वर्ल्डकप झाला तेव्हा सात टीम, त्यात इंग्लंडच्याच दोन, आणि भारत नव्हताच. 1978 ला आपल्याकडं झाला तेव्हा चारच टीम, आपण सगळ्या मॅच हरलो. त्याला कुणी खोटा कप म्हणत नाही.

जालना_बाउन्सर: ती पोस्ट माझीच, आणि शब्द मागं घेत नाही. खो-खोत आपण हरवलेल्या टीम बघा, इराण 100-16, मलेशिया 100-20, बांगलादेश 109-16, ह्याला मुकाबला म्हणायचं का? क्रिकेटच्या सेमीफायनलला जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियासमोर 339 चा पाठलाग करताना नाबाद 127 काढल्या, ती खरी झुंज. आणि प्रियंका वाढली, खेळली पुण्याकडं. मराठवाड्यानं तिला काय दिलं म्हणून मिरवायलात?

लातूरची_ताई: मराठवाड्यानं काय दिलं विचारता? सारिका काळे धाराशिवचीच ना? 2016 च्या साउथ एशियन गेम्समध्ये तिच्याच कप्तानीत सुवर्ण आलं, 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला. आता ग्राउंडचं ऐका. आमच्या तालुक्याच्या मैदानावर लग्न झालं, सभा झाली की मंडपवाला खड्डे तसेच ठेवून जातो. पोरी आधी वाकून वाकून खिळे वेचतात, खड्ड्यात माती भरतात, मग खो-खोच्या मधल्या पट्टीवर बसतात. सूर मारला की गुडघ्याची सालपटं निघतात. तशाच मातीतून उठून पुढं मॅटवर खेळायचं, बूट घालून, तिथं पायच वेगळा पडतो. हे करून पोरगी इंडियात जाते आणि तुम्ही घरात बसून कोरियाचा स्कोर मोजायलात!

परभणी_पाटील: रडगाणं पुरे की ताई. कप जिंकला तर आपल्या राज्य सरकारनं महाराष्ट्राच्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी जाहीर केले. कर्नाटकनं पाच लाख देऊ केले तर त्यांच्या खेळाडूंनी महाराष्ट्राकडं बोट दाखवून ते नाकारले. अजून काय पाहिजे?

लातूरची_ताई: ते कप जिंकल्यावर. चौदा वर्षांच्या पोरीला बूट कोण देतं ते सांगा. माझ्या पुतणीची दहावी झाली आन् घरात स्थळं बघायला लागले, किट माळ्यावर गेलं. तिच्यासारख्या किती गेल्या.

धाराशिवचा_खो: आणि लीग? क्रिकेटच्या पोरींना 2023 पासून डब्ल्यूपीएल आहे. अल्टिमेट खो-खोचे 2022 आणि 2023-24 चे दोन्ही सीझन पोरांचेच. बारमाही कमाई नसली तर बाप पोरीला कामून खेळवील?

परभणी_पाटील: लीगला प्रेक्षक लागतो भाऊ. तुमच्या जिल्हा स्पर्धेला खेळाडूंच्या घरचे सोडून कोण येतं?

लातूरची_ताई: खुर्च्या नाहीत, पाणी नाही, पोरींना कपडे बदलायला आडोसा नाही, लोक येणार कसे? आधी ते मैदान मंडपवाल्याच्या ताब्यातून सोडवा!

जालना_बाउन्सर: मंडप सोडा ना आता, विषय कुठून कुठं नेला. फायनल मी काल रात्री बघितली, तुम्ही बोंब मारली म्हणून. पहिल्या पाळीतच आपण 34-0 नं पुढं. शेवटच्या पाळीत मात्र आपल्या चैत्राची पळणारी तुकडी बाद न होता पाच मिनिटांच्या वर टिकली, बसलेल्या पोरींच्या मधून साखळीनं वळत वळत पळून नुसतं झुलवलं नेपाळच्या पोरींना. तेवढं मानतो. कप क्रिकेटच्या बरोबरीचा आहे हे अजूनबी मानत नाही.

धाराशिवचा_खो: बरोबरीचा म्हणा असं मी लिहिलंच नाही, वर जाऊन वाचा. खोटा म्हणू नका एवढंच म्हणलं. आन् ती पोस्ट अजून तशीच आहे, ती दुरुस्त करा आधी.

लातूरची_ताई: मैदानासाठी तहसीलला अर्ज लिहिलाय, सोमवारी देणार आहे. मंडप काढल्यावर खड्डे बुजवायचे पैसे आधीच भरून घ्या, एवढीच मागणी. पाटील, तुमची सही चालेल का?

परभणी_पाटील: तालुका तुमचा, माझी सही काय कामाची? पण पाठवा नमुना. आमच्याकडंबी तीच बोंब आहे.