मदत हवी आहे: आघातातून गेलेल्या मुलांबद्दल शिक्षकांशी काय बोलू?

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, चौथीचा वर्ग. पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी मला तासभर बोलायला सांगितलंय, समोर तीसेक शिक्षक, विषय "आघातग्रस्त विद्यार्थी". नाव ऐकूनच निम्मे मोबाईल काढतील.

विषय मलाच का, तर माझ्याच हातून घोळ झाला म्हणून. मी जूनमध्ये बदलीवर आले. शाळेला लागून कपाशी आहे, तिकडे फवारणीचा पंप सुरू झाला की वर्गातला एक मुलगा नाकावर शर्ट ओढून बाहेर पळायचा, दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी ओरडले, नाटकं बंद कर, बस खाली. बसला बिचारा, आणि बसल्या जागी चड्डी ओली केली. संध्याकाळी आजी म्हणाली, याचे वडील त्याच औषधाने गेले, तेव्हा घरात हा एकटाच होता. गावाला सगळं माहीत, मलाच नाही. त्याआधी "माझे बाबा" निबंधात त्याने नुसती तारीख लिहिलेली, आणि मी शेरा मारलेला, अपूर्ण!

आता बाकीच्यांना काय सांगू? आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम 17 ने मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे हे सगळ्यांना पाठ, मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 आणि टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 भिंतीवर लावता येईल, पण पोरगं पळायला लागलं त्या मिनिटाला वर्गात करायचं काय? "आम्ही काय डॉक्टर आहोत का" असं कुणीतरी म्हणणारच, आणि तेही खोटं नाही.

प्रतिसाद: ताई, मी लातूरकडचा. 30 सप्टेंबर 1993 ला भूकंप झाला तेव्हा तिसरीत होतो. नंतर शाळा पत्र्याच्या शेडमध्ये, वाऱ्याने पत्रा वाजला की आम्ही पोरं बाहेर. गुरुजींनी कधी अडवलं नाही, खोदून विचारलंही नाही. मला दाराजवळ जागा दिली, बाहेर लिंबाखाली जायचं, शंभर आकडे मोजायचे आणि परत यायचं, एवढाच नियम. बाकी रोज तोच क्रम, हजेरी, गाणं, पाढे. भाषण देऊच नका, तुमचा प्रसंग सांगा (मुलगा ओळखू येईल असं काही न सांगता) आणि विचारा, तुम्ही काय केलं असतं? फक्त लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवावंच लागतं, ते वेगळं सांगा.

धागाकर्ती: दाराजवळची जागा उद्याच देते. आणि शेतवाल्या काकांना फवारणीचा दिवस विचारून ठेवते, निदान आदल्या दिवशी त्याला सांगता येईल.