अनुभव धागा: नेपाळच्या रेल्वेत बसलाय का कुणी?

नेपाळला समुद्र नाही, त्यामुळे बंदर म्हणजे कोलकाता. तिथला माल रक्सौलमार्गे थेट बीरगंजच्या ड्राय पोर्टपर्यंत (समुद्रापासून दूर, जमिनीवरचं मालाचं बंदर) रुळांवरून जातो. माणसांसाठी मात्र एकच मार्ग, बिहारमधल्या जयनगरहून जनकपूरकडे. बसला असाल तर लिहा. पाल्हाळ चालेल.

पुणेकर
आईला जनकपूरचं जानकी मंदिर दाखवायला नेलं होतं. जयनगरला आपल्या स्टेशनाला लागूनच नेपाळचं वेगळं स्टेशन आहे. आई सत्तरीची, म्हणून तिचं आधार चाललं. माझं नाही चाललं. बॅग उपसून मतदार कार्ड शोधलं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं राहिलंच. वाटेत एका स्टेशनाचं नाव 'वैदेही'. पाटी दिसताच आईने खिडकीतूनच हात जोडले, आणि समोरच्या मैथिली आजीबाईंनी तिला सरकून जागा दिली. मग दोघींच्या गप्पा. भाषा एकीलाही कळत नव्हती, पण जावयांवर एकमत झालं असावं!

चिपळूण, निवृत्त रेल्वे कर्मचारी
पुणेकर, तुम्ही बसलात ती गाडी आमच्याकडची! चेन्नईत बांधलेल्या दोन डेमू (डिझेलवर चालणाऱ्या) गाड्या कोकण रेल्वेने सप्टेंबर २०२० मध्ये नेपाळला दिल्या. प्रवासी बसायला मात्र एप्रिल २०२२ उजाडलं. आधी जनकपूरच्या पुढच्या कुर्थापर्यंत ३५ किमी, पुढच्या वर्षी भंगहापर्यंत.

मूळचा दरभंग्याचा, आता नाशिककर
मी याच मार्गावरच्या जुन्या गाडीतला. अडीच फुटी रूळ, १९३७ पासूनचे. डब्यात जागा मिळाली तरी आम्ही पोरं टपावरच. फांदी आली की पुढच्या टपावरून हाळी यायची, की सगळी रांग एकदम वाकायची. एकदा मामा वाकले, टोपी नाही वाकली. ती फांदीवरच राहिली. परतीच्या गाडीला आम्ही सगळे वर बघत होतो. २०१४ ला ती गाडी बंद पडली.

ठाणे
बसले नाहीये, पण रक्सौल–काठमांडू मार्गाचं सर्वेक्षणही कोकण रेल्वेकडेच होतं. सुमारे १३६ किमी, आणि तराईच्या सपाटीतून थेट डोंगरात चढायचं. बोगदे खणायची सवय आहेच म्हणा! पुणेकर, तिकिटाला आपले पैसे चालतात का?

पुणेकर
जयनगरच्या खिडकीवर घेतले. आपल्या शंभराचे त्यांचे १६० धरतात. सुटे न्या.