'दास ब्लाउए पाले': अंधश्रद्धेला पांढरा कोट?

धागाकर्ता:
राइनर एर्लर यांनी लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली 'दास ब्लाउए पाले' (निळा राजवाडा) ही झेडडीएफ या जर्मन दूरचित्रवाहिनीची जुनी मालिका पाहून संपवली. भाग पाचच, तीन १९७४ चे, दोन १९७६ चे. एकेक भाग सिनेमाएवढा. पडक्या राजवाड्यात देशोदेशीचे शास्त्रज्ञ एकत्र राहतात आणि चौकटीत न बसणाऱ्या गोष्टींचा छडा लावतात. कल्पना झकास आहे, पण 'दास मेडियुम' हा अतींद्रिय शक्तींवरचा भाग मला खटकला. १९७४ च्या जानेवारीत उरी गेलर या मनःशक्तीचा दावा करणाऱ्या कलाकाराने झेडडीएफवरच चमचे 'मनाच्या जोरावर' वाकवून दाखवले होते आणि घरोघरी लोक काटेचमचे चोळत बसले होते. त्याच वर्षी त्याच वाहिनीने हा विषय शास्त्रज्ञांच्या हाती द्यावा? याने भोंदूगिरीला प्रतिष्ठा मिळते.

प्रतिसाद १:
साफ असहमत. एर्लरने हे हवेतून आणलेलं नाही. १९६७ मध्ये जर्मनीतल्या रोझेनहाइमच्या एका वकिलाच्या कचेरीत दिवे झोके घ्यायला लागले, ट्यूबलाइट खोबणीतून सुटायला लागल्या, कोणी फिरवला नसताना फोनवरून वेळ सांगणाऱ्या सेवेचा नंबर लागत राहिला. तिथे फ्रायबुर्गचे परामानसशास्त्रज्ञ (अतींद्रिय प्रकारांचे अभ्यासक) हान्स बेंडर गेले, भौतिकशास्त्रज्ञही उपकरणं घेऊन गेले. शास्त्रज्ञ खरोखर जात होते, तर मालिकेने ते का दाखवू नये?

धागाकर्ता:
गेले, पण काय शोधायला? आधी वीजपुरवठ्यात दोष शोधला, मग थेट अज्ञात शक्तीवर उडी. कोणाचा तरी हात असेल ही साधी शक्यता आधी निकालात काढायला हवी होती. कचेरीतली १९ वर्षांची मुलगी नोकरी सोडून गेली आणि प्रकार थांबले, एवढं पुरेसं बोलकं आहे.

प्रतिसाद २:
तुम्ही दोघं 'दास मेडियुम'वरच अडकलात. 'दास गेनी' हा भाग बघा. आठवणी रसायनातून एका मेंदूतून दुसऱ्यात नेता येतात, ही त्यातली कल्पना तेव्हा प्रयोगशाळांत चालू होती. अमेरिकेत मॅकॉनेल यांनी चपट्या कृमींना शिकवलं, त्यांचे तुकडे केले आणि न शिकलेल्या कृमींना खाऊ घातले. उंगार यांनी अंधाराला घाबरायला शिकवलेल्या उंदरांच्या मेंदूतून 'स्कोटोफोबिन' नावाचं रसायन वेगळं काढलं. तो निबंध १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. पुढे ते काही टिकलं नाही. पण म्हणून एर्लर भोंदू ठरतो का? त्याला काळजी होती ती शोध कोणाच्या हाती पडतो याची. १९७९ च्या 'फ्लाइश' या चित्रपटात तो याच काळजीने अवयवांच्या व्यापाराकडे वळला.

प्रतिसाद १:
+१. हेच म्हणायचं होतं.

धागाकर्ता:
'दास गेनी'बद्दल मान्य, धागा लिहिताना तो भाग माझ्याकडून राहून गेला. फरक मात्र इथेच आहे: स्कोटोफोबिन इतरांनी तपासलं, जमलं नाही, सोडून दिलं. चमचे वाकवणारे अजूनही कार्यक्रम करतात. 'दास मेडियुम'बद्दल मत कायम.